अजगराचा उपवास

साप आणि आपण ख्रिस्ती माणसे यांचे संबंध उत्पत्तीच्या पुस्तकापासूनच बिघडलेले आहेत. पवित्र मरियेच्या पुतळ्याच्या पायाखाली चिरडलेला साप पाहतच आमची पिढी वाढली. वसईच्या आमच्या वाडीत केळीच्या आळ्यात धामण दिसली की काठी निघे, आणि बावखलातल्या निरुपद्रवी विरोळ्याचीही त्यातून सुटका नसे. धामण उंदीर खाते, म्हणजे ती आपलीच राखणदार आहे, हे वडील जाणत असत. पण काठी उगारलेल्या हाताला ते कोण सांगणार? अशा घरात वाढलेल्या माझ्यावर सत्तरी उलटल्यावर एका अजगराच्या जेवणाची काळजी वाहण्याचा प्रसंग यावा, यात थोडा विनोद आहेच.

२०२२च्या ऑक्टोबरात मी मुलीकडे इंग्लंडला गेलो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप घरी पाळता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तिकडे मात्र मांजर पाळावे तितक्या सहजतेने लोक साप पाळतात. माझ्या पंधरा वर्षांच्या नातवाने एका शेजाऱ्याकडून असाच एक अजगर घेतला होता. त्याला तिथे रॉयल पायथन म्हणतात. भय वाटले की डोके मध्ये घेऊन तो चेंडूसारखा गुंडाळून बसतो, म्हणून अमेरिकेत त्याचे नाव बॉल पायथन. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला प्राणी. लांबी चार-पाच फूट, विष नाही, स्वभाव लाजाळू. मी पोहोचलो तेव्हा त्याने अन्नाला तोंड लावून सहा आठवडे झाले होते.

घरात त्यावरून बराच तणाव होता. बर्फात गोठवलेले उंदीर तिथे दुकानात विकत मिळतात. माझ्या पापलेटांच्या शेजारी उंदीर राहणार नाहीत, असे मुलीने ठणकावल्यामुळे त्यांच्यासाठी गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीझर आला होता. दर शनिवारी नातू एक उंदीर काढी आणि अजगरासमोर धरी. अजगर मान वळवी. नाताळपर्यंत जेवला नाही तर त्याला परत पाठवायचे, असा मुलीचा निर्णय झाला होता. नातू गप्प गप्प राहू लागला. दर रविवारी मिस्साहून आल्यावर तो स्वयंपाकघरातील नव्हे, त्यासाठीच घेतलेल्या काट्यावर अजगराला तोली आणि वहीत आकडा लिही. सप्टेंबरात ११२० ग्रॅम होता. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात १०६० भरला.

मला तो आकडा फार लागला. २०१९ मध्ये माझी पत्नी गेली. शेवटच्या चार महिन्यांत तिची अन्नावरची वासना उडाली होती. पेजेचा चमचा तिच्या ओठांशी नेऊन मी तासन् तास बसे. दोन घोट गेले तर तो दिवस चांगला म्हणायचा. माणसाची आणि सर्पाची तुलना करणे बरे नव्हे, हे मला कळते. परंतु मिटलेले तोंड आणि समोर धरलेले अन्न हे दृश्य मला नको होते, आणि तेच नातवाच्या खोलीत दर शनिवारी दिसत होते.

अखेर आम्ही तिघे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वैद्याकडे गेलो. त्या बाईंनी अजगराचे तोंड तपासले, श्वास ऐकला, वही वाचली आणि म्हणाल्या, हा आजारी नाही. घट अजून दहा टक्क्यांच्या आत आहे. या जातीचे नर तर हिवाळ्यात कित्येक महिने उपाशी राहतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. साप आपल्या शरीराची ऊब स्वतः निर्माण करीत नाही, म्हणून आपल्या मानाने त्याला फारच थोडे अन्न पुरते. ब्रह्मी अजगराच्या बाबतीत तर असे आढळले आहे की उपवासात आकसलेले त्याचे आतडे भक्ष्य पोटात गेल्यावर एकदोन दिवसांत जवळजवळ दुप्पट वजनाचे होते. उपवास हा त्याच्या देहाच्या रचनेतच आहे.

मग त्यांनी प्रश्न विचारले, आणि त्या प्रश्नांतच उत्तरे होती. काचेची पेटी कुठे ठेवली आहे? दिवाणखान्यात, टीव्हीजवळ. लपायला जागा? एकच, आणि तीही ऐसपैस. तापमान? काचेवर वर चिकटवलेला तापमापक तीस अंश दाखवी. पण बाईंच्या सांगण्यावरून दुरून उष्णता मोजणारे यंत्र आणून आम्ही जमिनीचे तापमान पाहिले तर ते जेमतेम सव्वीस. इतक्या गारव्यात खाल्लेले पचणार नाही, हे सापाला आमच्या आधी कळले होते. आणि उंदीर? बर्फ वितळला की तसाच थंड. या अजगराच्या ओठांवर बारीक खाचा असतात आणि त्यांतून तो उबदार देह अंधारातही ओळखतो. थंड उंदीर त्याच्या लेखी भक्ष्यच नव्हे. जिवंत उंदीर द्यावा का, असे नातवाने विचारले. बाईंनी ते साफ नाकारले. कोंडलेला उंदीर सापालाच चावून जखमी करतो, आणि उंदराचेही हाल होतात.

पेटी नातवाच्या खोलीच्या कोपऱ्यात गेली. तीन बाजूंना काळा कागद लागला. अंग चहूबाजूंनी टेकेल अशा दोन अरुंद गुहा आल्या, एक उबेच्या टोकाला बत्तीस अंशांवर आणि दुसरी गार टोकाला. रोज हातात घेऊन मित्रांना दाखविणे बंद झाले. सर्वांत कठीण आज्ञा शेवटची होती: पंधरा दिवस अन्न समोर धरायचेच नाही. मला तो पंधरवडा लांब गेला.

याच काळात नातवाने मला बेनिन देशातील वीदा गावाची हकीकत वाचून दाखवली. तिथे याच जातीच्या अजगरांचे एक देऊळ आहे आणि रस्त्याच्या पलीकडे समोरच निष्कलंक गर्भसंभवाच्या मातेचे बॅसिलिका. पोप बेनेडिक्ट सोळावे २०११च्या नोव्हेंबरात त्या बॅसिलिकात आले होते. देवळातले अजगर रात्री शिकारीसाठी सोडतात. वाट चुकून एखाद्याच्या घरात शिरलेला अजगर लोक अलगद उचलून परत नेऊन देतात. आमच्या वाडीतल्या काठ्या मला आठवल्या.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला प्रयत्न फसला. पुढच्या आठवड्यात नातवाने थोडा लहान उंदीर निवडला, पिशवीत बांधून कोमट पाण्यात ठेवला, अंग ऊन लागेपर्यंत थांबला. रात्री नऊ वाजता दिवे मालवले. लांब चिमट्यात धरलेला उंदीर गुहेच्या तोंडाशी किंचित हलला. बराच वेळ काही नाही. मग अंधारात एकच झटका, आणि अजगराने त्या मेलेल्या उंदराला जिवंत असल्यासारखे वेटोळ्यांत आवळले. नातवाने माझी बाही घट्ट धरली होती. मुलगी दारात उभी होती. खाली करंज्यांचे तेल तापत असल्याचे तिला भान नव्हते. डोके शोधून, जबडा सावकाश पुढे सरकवीत, त्याने सारा घास उतरवला. त्यानंतर दोन दिवस त्याला कोणी शिवले नाही. चौदा दिवसांनी त्याने पुन्हा खाल्ले.

परत पाठविण्याचा विषय नंतर कोणी काढला नाही. वही चालू आहे: तारीख, वजन, उंदराचे वजन, कात टाकल्याचा दिवस. कात टाकण्यापूर्वी डोळे निळसर झाले की तो खात नाही, तेव्हा विचारूही नये. २०२४च्या हिवाळ्यात त्याने पुन्हा तीन महिने उपवास केला. सत्तर ग्रॅम गेले, फेब्रुवारीत भरून आले.

ही जात पाळलेली असताना तीस वर्षेही जगते. नातू २०२५च्या सप्टेंबरात शिक्षणासाठी दुसऱ्या शहरी गेला, आणि वसतिगृहात अजगर चालत नाही. आता दर दुसऱ्या शुक्रवारी रात्री दिवे मालवून चिमटा हाती धरते ती माझी मुलगी. तिथल्या बिशपांनी २०११ पासून शुक्रवारचे मांसवर्जन पुन्हा लागू केले आहे. तो नियम अजगराला लागू नाही, असे तिने मला फोनवर कळवले.