जुहूला चुकून आलेले पाहुणे

मुलांना जुहू चौपाटीला नेलेत, की जवळच्या जुन्या विमानतळाची गोष्टही सांगा. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले. पुढे मोठी विमाने सांताक्रूझला जाऊ लागली. पण दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ, दिशाही सारखीच! १९५३मध्ये ब्रिटिश कॉमेट जेट चुकून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. १९७२मध्ये एक जपानी विमानही तसेच फसले आणि धावपट्टी ओलांडून गेले. सुदैवाने सगळ्यांचे जीव वाचले, म्हणून आज हसता येते. उमऱ्याहून परतताना विमान मुंबईत अलगद टेकले, की आपण ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणतो. तेव्हा एक दुआ वैमानिकासाठीही करावी.