थोरल्याचे काय चुकले?

गुड फ्रायडेची सुट्टी आपल्याकडे ऐन आंब्याच्या हंगामात येते. सुट्टी कशाची, असे आमच्या आळीत कुणालाही विचारा. 'ख्रिस्ती लोकांचा सण' यापलीकडे उत्तर मिळायचे नाही. आणि सण म्हणावे, तर तो येशूला क्रुसावर दिल्याचा दिवस!

माझे कुतूहल 'स्मृतिचित्रे' वाचताना जागे झाले. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक आपल्याच जिल्ह्यातले. १८६१ साली करजगावी जन्मले. आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचायला घेतला आणि ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी संसाराची झालेली ताटातूट लक्ष्मीबाईंनी इतक्या नितळपणे लिहिली आहे की, एवढी किंमत देण्यासारखे या माणसाला सापडले तरी काय, असे सारखे मनात येई.

म्हणून मी नवा करार मिळवून वाचला. बरेचसे ओळखीचे वाटले. देव पित्यासारखा, शेजाऱ्यावर प्रेम करावे, हे आपल्याला नवे नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे टिळक म्हणत, ते उगीच नव्हे. पण ओळखीचे शब्द फसवेही असतात. येशू हा अवतार म्हटले की आपण त्याला दहांच्या रांगेत अकरावा बसवून मोकळे होतो. ख्रिस्ती माणसाच्या लेखी देव एकदाच माणूस झाला. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तीन देव नव्हेत, एकच देव. (हे समजावताना इ. स. ३२५ च्या निकाया परिषदेपासून भल्याभल्यांना घाम फुटला आहे. मी त्यात शिरत नाही.) येशू माणसांच्या पापांसाठी मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हा तर गाभाच. तो उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, असे पौलाने स्वच्छ लिहून ठेवले आहे.

मी खरी अडखळले ती क्षमेपाशी. लूकच्या शुभवर्तमानात एक गोष्ट आहे. धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, दूर देशी जाऊन उधळतो, डुकरे राखायची पाळी आल्यावर त्याला घर आठवते. बाप त्याला दुरून पाहतो नि धावत जाऊन मिठी मारतो. घरात मेजवानी होते. इतकी वर्षे राबलेला थोरला मात्र रागाने बाहेरच उभा राहतो.

ही गोष्ट मी आजीला वाचून दाखवली. आमच्या धाकट्या काकांनी वाटणीची कलमे विकून मुंबई गाठली, त्याला बारा वर्षे झाली. पत्र नाही, काही नाही. बागेत राबतात ते बाबा.

"थोरल्याचं काय चुकलं गो?" आजी म्हणाली. "करावं तसं भरावं."

कर्माचा सगळा हिशेब तिने तीन शब्दांत मांडला. ख्रिस्ती श्रद्धा त्या हिशेबाच्या वहीवरच बोट ठेवते. तारण पुण्याईने कमावता येत नाही. ते देवाच्या कृपेने मिळते, विश्वासाने घ्यायचे. घेणाऱ्याला ते फुकट, देणाऱ्याला नव्हे; त्याची किंमत क्रुसावर मोजली गेली असे ते मानतात. सरळमार्गी माणसाला हे पचायला जड. मलाही पुरते पचलेले नाही. बाबांकडे पाहिले की थोरल्याचीच बाजू घ्यावीशी वाटते. तो शेवटी आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलेच नाही.

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तो बाप रोज वाटेकडे बघत बसायचा, असं लिहिलंय का त्यात?"

"नाही. मुलगा दूर असतानाच त्याला दिसला, एवढंच आहे."

"म्हणजे बघतच असणार," ती म्हणाली आणि तिने वाती वळायला घेतल्या.