एलातचा हक्काचा आठवडा : घ्यावा की न घ्यावा?



आपल्या लोकांत एक प्रश्न सारखा कानावर येतो. दिमोनाच्या लग्नात, अश्दोदच्या मलिद्याला, कुपात होलिमच्या बाकावर नंबर यायची वाट पाहताना कोणी ना कोणी विचारतंच, "एलातला टाइमशेअर घ्यावं का हो? मुलांना घेऊन जायला बरं पडेल." हिब्रूत याला येहिदत नोफेश म्हणतात. घेतलेले लोक आपल्यात आहेत, घेऊन पस्तावलेलेही आहेत आणि घेऊन सुखी झालेलेही आहेत. मी स्वतः घेतलेले नाही, पण माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे ते १९९९ सालापासून आहे आणि गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर पूर्ण आठवडा तिथे राहून आले. त्याच आठवड्यात माझ्या मुलीलाही ते विकायचा प्रयत्न झाला. म्हणून दोन्ही बाजू लिहिते.

आधी हे काय आहे ते सांगते. हॉटेलातला एक लहान फ्लॅट वर्षातून एक आठवडा वापरण्याचा हक्क आपण पुष्कळ वर्षांसाठी आगाऊ पैसे भरून घेतो. बाकीचे एक्कावन्न आठवडे दुसऱ्यांचे. शिवाय दरवर्षी देखभालीची फी वेगळी, आपण जा अगर न जा. आपला आठवडा नको असेल तर तो देऊन दुसऱ्या गावचा घेता येतो. अशी अदलाबदल करून देणाऱ्या कंपन्या असतात. अमेरिकेत १९७४ साली सुरू झालेली आरसीआय ही त्यातली जुनी. पण अदलाबदल फुकट नाही, तिचीही फी असते, आणि आपला आठवडा जेवढ्या मागणीचा तेवढंच समोरून मिळतं. भारतातही हे आलं. महिंद्राची कंपनी १९९६ मध्ये निघाली. २५ वर्षांचं सदस्यत्व, आणि हंगामाला रंग दिलेले : जांभळा, लाल, पांढरा, निळा. ठाण्याला राहणाऱ्या माझ्या भाचीकडे ते आहे. म्हणजे प्रश्न तिकडचाही तोच.

आता एलातविषयी. बेर शेवाहून निघालं की दिमोना मागे टाकून रस्ता अरावाच्या खोऱ्यात उतरतो. तिथून ९० नंबरचा सरळ रस्ता, एका बाजूला आपले डोंगर, दुसऱ्या बाजूला जॉर्डनचे. सुमारे २३० किलोमीटर अंतर. रेल्वे अजून नाही. पुतण्याने आम्हा दोघींना गाडीने नेलं. वाटेत योत्वाता किब्बुत्झपाशी थांबून आईसक्रीम खायचं हा आमच्या दिरांनी घालून दिलेला नियम. ते २०२२ मध्ये गेले, पण जाऊबाईंनी तो मोडला नाही. थंडीच्या दिवसांतही आम्ही दोघी पंच्याहत्तरी-ऐंशीच्या बाया आईसक्रीम खात उभ्या!

जानेवारीच्या शेवटी तेल अवीवला पाऊस कोसळत असतो आणि एलातला स्वच्छ ऊन. पाऊस तिथे वर्षभरात एखाद-दोन बोटं पडला तर पडला. सकाळी समुद्राकाठच्या फरसबंदीवर चालायला गेलं की समोर अकाबा दिसतं, उजवीकडे ताबाच्या पलीकडे इजिप्त, आणि हवा साफ असली तर खाली सौदी अरेबियाचे डोंगरही. पाणी हिवाळ्यातही फारसं गार होत नाही. पोवळ्यांच्या राखीव किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी रंगीत मासे पायाशी फिरतात. एक दिवस आम्ही तिम्नाला गेलो. गावाच्या उत्तरेला अर्ध्या तासावर हजारो वर्षांपूर्वीच्या तांब्याच्या खाणी आणि लाल दगडाचे प्रचंड खांब आहेत. मार्च-एप्रिलमध्ये आफ्रिकेतून युरोपला जाणारे पक्षी इथे थांबतात. १९८५च्या कायद्यापासून एलातला व्हॅट नाही, म्हणून बाजारात हिंडायलाही लोक येतात.

फ्लॅट म्हणजे एक झोपायची खोली, बाहेर उघडता येणारा सोफा, मिरपेसेत, फ्रीज आणि दोन शेगड्यांचं स्वयंपाकघर. हे स्वयंपाकघरच मला सगळ्यांत मोठा फायदा वाटला. जाऊबाई घरून भांड्यांची पेटी नेतात, दुधाची वेगळी, मांसाची वेगळी. शुक्रवारी आम्ही नारळाच्या दुधातली मच्छी आणि भात केला. शब्बाथसाठी माझी मुलगी, जावई आणि तीन नातवंडं आली. आठ जणांनी हॉटेलच्या जेवणघरात दोन वेळ जेवायचं म्हटलं तर काय बिल झालं असतं, विचार करा. हॉटेलच्या चार खोल्यांत विखुरलेलं कुटुंब आणि एका टेबलाभोवती बसलेलं कुटुंब यात फरक आहेच. टाइमशेअर विकणारे हेच दाखवतात, आणि ते खोटं नाही.

मग अडचण कुठे आहे? माझ्या मते पहिली अडचण कॅलेंडरची.

टाइमशेअरचे आठवडे इंग्रजी वर्षाप्रमाणे मोजतात, १ ते ५२. आपले सण चंद्राप्रमाणे चालतात. पेसाखचा पहिला दिवस २०२४ साली २३ एप्रिलला आला, २०२५ साली १३ एप्रिलला, २०२६ साली २ एप्रिलला. एका सणाने तीन वर्षांत तीन आठवडे सरकून घेतले! मुलांना सुट्टी पेसाखला, सुक्कोतला आणि उन्हाळ्यात. तुम्ही १६ नंबरचा आठवडा घेतलात तर एखाद्या वर्षी तो पेसाखमध्ये येईल, पुढच्या वर्षी मुलं शाळेत असतील. सोळावा आठवडा तुमचा, पण पेसाख तुमचा नाही. उन्हाळ्याचा आठवडा पक्का राहतो, हे खरं. पण ऑगस्टमध्ये एलातचं ऊन चाळीस डिग्रीच्या घरात जातं. लहान मुलं सकाळ-संध्याकाळ पाण्यात, आणि दुपारभर खोलीत एकमेकांच्या उरावर!

काही करारांत आठवडा 'तरता' असतो, म्हणजे दरवर्षी फोन करून तारीख मागायची. ऐकायला छान. पण सणाची तारीख तुम्हाला हवी तशी सगळ्यांनाच हवी असते.

मी चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली. आमच्या वॉर्डात कोणाला कधी सुट्टी मिळणार हे ड्यूटीचा तक्ता लागेपर्यंत माहीत नसायचं. सलग दोन वर्षं मला एकाच आठवड्यात रजा मिळाल्याचं आठवत नाही. आपल्यातल्या किती तरी बायका इस्पितळात आहेत, पुरुष कारखान्यात पाळीवर आहेत, मुलं सैन्यात आहेत. अशा घराला ठरलेला आठवडा कसा पाळता येणार?

जाऊबाईंचा आठवडा पाचवा. हंगाम मंदीचा, म्हणून स्वस्तात मिळाला. दीर तेव्हा निवृत्तीला आले होते. शाळेची भानगड नाही, सांधेदुखीला उबदार हवा बरी, आणि दोघांनाही तेच गाव, तीच फरसबंदी आवडायची. करोनाची वर्षं सोडली तर त्यांनी एकदाही चुकवलं नाही. त्यांचे पैसे वसूल झाले, असं मी छातीठोकपणे म्हणेन.

दुसरी गोष्ट हिशोबाची. माझगावच्या सर एली कदुरी हायस्कूलात पाठ केलेले पाढे इथे कामाला आले. समजा एकरकमी ४०,००० शेकेल आणि वर्षाला ३,००० शेकेल देखभाल. हे गोल आकडे मी हिशोबासाठी घेतले आहेत, तुमच्या कागदावरचे तुम्ही घाला. वीस वर्षांत एक लाख शेकेल. दरवर्षी गेलात तर आठवडा ५,००० ला पडला, म्हणजे रात्रीला साधारण ७१५. ठीक आहे. पण देखभाल कुठे स्थिर राहते? दरवर्षी चार टक्के वाढली तर एकूण सुमारे १,२९,००० होतात. आणि बाळंतपण, आजारपण, लढाई, परीक्षा यांमुळे वीसपैकी बाराच वर्षं जाता आलं, तर एक आठवडा जवळजवळ १०,८०० ला आणि एक रात्र १,५०० च्या वर! त्याच तारखांना साधं हॉटेल कितीला मिळतं ते शेजारी लिहा. उत्तर आपोआप दिसेल.

विकून टाकू म्हणाल, तर तेही सोपं नाही. जुन्या आठवड्यांना मूळ किमतीचा छोटासा हिस्सा मिळतो, पुष्कळदा गिऱ्हाईकच मिळत नाही. हत्ती घेता येतो, पण रोजचा चारा चुकत नाही. आणि सावध राहा : "तुमचा आठवडा आम्ही विकून देतो, आधी थोडी फी भरा" असे फोन म्हाताऱ्या माणसांना येतात. फी जाते आणि फोन बंद होतो. असा फोन आला तर मुलांना विचारल्याशिवाय कार्डाचा नंबर सांगू नका.

आता मुलीची गोष्ट. हॉटेलच्या लॉबीत एका कंपनीच्या तरुणाने तिला व जावयाला गाठलं. "तासभर या, कॉफी घ्या, भेट मिळेल." मीही बरोबर गेले. आधी फिल्म, मग नातवंडांची चौकशी, मग दुसरा माणूस आला आणि म्हणाला की हा भाव फक्त आजच्यापुरता. इस्पितळात आम्ही ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही घ्यायचो तेव्हा माणसाला त्याच्या भाषेत समजावून द्यावं, घाई करू नये, हे आम्हाला शिकवलेलं होतं. इथे घाई हेच औषध! मुलीने तीन प्रश्न विचारले. आठवडा ठरलेला की तरता? देखभाल किती वाढू शकते, त्याला काही मर्यादा लिहिली आहे का? आणि आम्हाला सोडायचं असेल तर कसं सोडायचं? पहिल्याचं उत्तर मिळालं. दुसऱ्याला "फारशी वाढत नाही." तिसऱ्याला तो हसून म्हणाला, "तुम्हाला सोडावंसं वाटणारच नाही." जावई म्हणाला, "कागद घरी न्यायला द्या, वाचून कळवतो." कागद घरी नेता येणार नाही असं समजलं. आम्ही एक टॉवेल भेट घेऊन उठलो.

जो कागद घरी नेऊ देत नाहीत त्यावर सही करू नये, एवढं मी तरुण आईबापांना सांगेन. युरोपात आणि ब्रिटनमध्ये सही केल्यावर १४ दिवसांत करार मोडण्याचा हक्क कायद्याने आहे. आपल्याकडे १९८१चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. रद्द करायची मुदत किती आणि कळवायचं कसं, हे सहीच्या आधी लेखी मागून घ्या. आणखी दोन गोष्टी विचारा. आठवडा कोणत्या वारी सुरू होतो? शुक्रवारी दुपारी उशिरा खोली मिळणार असेल तर हिवाळ्यात दिवे लावायची वेळ होऊन जाते. आणि हॉटेल आपल्याला मिळू शकलं नाही तर काय? २०२० साली करोनात हॉटेलं बंद राहिली. ऑक्टोबर २०२३ नंतर दक्षिणेतले आणि उत्तरेतले घर सोडून आलेले हजारो लोक एलातच्या हॉटेलांत राहिले. त्यांना जागा मिळाली हे योग्यच झालं. पण अशा वर्षाची देखभाल कोणी भरायची, हे करारात असायला हवं.

कोकणातलं आमचं आजोळचं घर सामाईक होतं, रेवदंड्याजवळ. मे महिन्यात सगळी भावंडं जमायची. घर हक्काचं, पण कौलं फुटली की कोणी किती द्यायचे यावर बोलणी व्हायची, आणि जे कधी येत नसत त्यांचा वाटा राहूनच जायचा. हक्क आला की कौलंही आली.

दिरांच्या मागे जाऊबाईंपुढे हाच प्रश्न आला. तीन मुलं : एक कॅनडात, एक हैफाला, एक पाळीवर काम करणारा. पाचव्या आठवड्यात कोणालाच जाता येत नाही. फी मात्र पेन्शनीतून जाते. मुलं म्हणाली, "आई, सोडून दे." त्या म्हणाल्या, "त्यांची जागा आहे ती." पुतण्याने करार काढून वाचला. मुदत २०२९ पर्यंत आहे, त्यानंतर मुलांवर काही येत नाही, आणि आधी नावं कळवली तर पाहुणे नेता येतात. मग आम्ही चौघींनी ठरवलं : जाऊबाई, मी, आणि आमच्या सिनेगॉगमधल्या दोघी. फीचे चार भाग करायचे आणि मुदत संपेपर्यंत दर हिवाळ्यात एकत्र जायचं. चौघीही निवृत्त, चौघींचे गुडघे दुखणारे. आमच्यासाठी हे परवडणारं आहे.

माझ्या मुलीने मात्र घेतलं नाही. तेवढे पैसे ती वेगळ्या खात्यात टाकते. ज्या वर्षी सुट्टी जुळेल, पेसाख असो वा सुक्कोत, त्या वर्षी एलात, नाहीतर गलील, नाहीतर मुलांना अलिबाग दाखवायला. ज्यांच्या घरचा आठवडा दरवर्षी ठरलेला आहे, ज्यांना तेच गाव पुन्हा पुन्हा हवं आहे आणि फी वाढली तरी जड जाणार नाही, त्यांनी करार नीट वाचून खुशाल घ्यावं, तेही आधी जुना, दुसऱ्याकडचा आठवडा मिळतो का ते पाहून. बाकीच्यांनी हॉटेलची खोली घ्यावी आणि भांड्यांची पेटी मात्र जरूर न्यावी.