कोळारचा हलका चाकर



कोळार म्हटले की बहुतेकांस सोन्याच्या खाणी आठवतात. ते कोलार वेगळे. ते कर्नाटकाच्या अगदी दुसऱ्या टोकास राहिले. आमचे कोळार बीदर शहराच्या शेजारचे, तांबड्या जांभ्या मातीचे. येथे सोने निघत नाही. तूर आणि ज्वारी निघते, आणि औद्योगिक वसाहत झाल्यापासून थोडाफार धूरही निघतो. ह्या परिसरात एका जुन्या घराच्या पडवीत आम्ही काही मंडळी एक लहानसे वाचनालय चालवितो. गेल्या वर्षी त्या वाचनालयात आम्ही एक चाकर ठेविला. त्याला पगार नाही, जेवण नाही, आणि तो तळहातावर मावतो. त्याच्यापायी एका जुन्या स्नेह्यास आम्ही जवळजवळ मुकलो होतो. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

चाकर म्हणजे वेब सर्व्हर. कोणी आपल्या फोनवरून पान मागितले की ते काढून पोचविणे, एवढेच त्याचे काम. तो ज्या यंत्रावर चालतो ते रास्पबेरी पाय नावाचे चिमुकले संगणक-यंत्र २०१२ सालापासून बाजारात मिळते. पडवीत बसलेल्याचा फोन बिनतारी जोडणीने थेट ह्या यंत्राशी बोलतो. बाहेरचे इंटरनेट चालू असो वा बंद, आमची पाने दिसतात. मुलांच्या अभ्यासाची टिपणे, बसगाड्यांच्या वेळा, पिकांवरील रोगांची माहिती असा आमचा संग्रह आहे. ज्या गावी वीज आणि इंटरनेट ही दोन्ही पाहुण्यासारखी येऊन जातात, तेथे ही सोय लहान नव्हे.

यंत्र लहान, तेव्हा चाकरही हलका हवा. आम्ही निवडला त्याचे नाव इंग्रजी अक्षरे मोजून उच्चारू गेल्यास जीभ अडखळते. जाणकार त्यास 'लाइटी' म्हणतात. यान क्नेश्के ह्या जर्मन गृहस्थांनी २००३ साली तो लिहिला. त्या काळी एक प्रश्न जाणत्यांस सतावीत होता. डॅन केगेल ह्यांनी १९९९ साली तो मांडला होता. एकाच यंत्राने एकाच वेळी दहा हजार गिऱ्हाइके कशी सांभाळावी? जुनी रीत अशी की प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक स्वतंत्र माणूस उभा करावयाचा. लग्नाच्या पंक्तीत प्रत्येक पानापुढे एकेक वाढपी उभा राहिला तर मांडवात जागा उरणार नाही! लाइटी एकटाच पंक्तीत फिरतो. ज्याने हात वर केला त्याला वाढतो आणि पुढे सरकतो. कोणी सावकाश जेवीत असेल तर त्याच्यापुढे ताटकळत राहत नाही. म्हणूनच त्याला स्मृती थोडी पुरते. शिवाय त्याचा सारा मसुदा खुला आहे; कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. आमच्यासारख्या निष्कांचन वाचनालयास दुसरे काय हवे?

परंतु हलका चाकर सांगितल्यावाचून काही करीत नाही, हे आम्हांस पुढे कळले. त्याचे सर्व शिक्षण एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते. कोणत्या कपाटातील पाने द्यावयाची, कोणत्या क्रमांकाच्या दारावर उभे राहावयाचे, आल्यागेल्याची नोंद कोठे ठेवावयाची, हे सर्व तेथे ओळीओळीने लिहावे लागते. अधिक काही करवून घ्यावयाचे असेल तर त्या त्या कामाचे 'मॉड्यूल' यादीत घालावयाचे. पाने दाबून लहान करण्याचे एक, परवलीचा शब्द विचारण्याचे एक, पत्ते बदलण्याचे एक. यादीतील क्रमालाही महत्त्व आहे. आधी पान वाढून मागाहून परवलीचा शब्द विचारण्यात काय अर्थ? फाइल लिहून झाली की चाकरास चालू करण्यापूर्वी ती तपासून घेण्याची आज्ञा देता येते. एखादे अवतरणचिन्ह राहिले असेल तर तो ओळीचा क्रमांक सांगून हटून बसतो. सर्व ठीक असेल तर 'रचना ठीक' अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द उमटतात. ह्या दोन शब्दांवर आम्ही फार विसंबलो.

येथे मास्तरांची ओळख करून दिली पाहिजे. मास्तर कन्नड शाळेतून निवृत्त झालेले, आमच्याहून वयाने वडील. बीदरजवळ नौबादेस बहामनी काळातील जमिनीखालचा पाण्याचा कालवा आहे, ज्यास करेज म्हणतात. उभ्या विहिरीसारखी भोके आणि त्यांच्या तळाशी आपल्या उतारानेच वाहणारे पाणी. त्याच्या निमित्ताने मास्तरांस भोवतालच्या गावांतील जुन्या विहिरींचा नाद लागला. कोणती विहीर कोणत्या दुष्काळात आटली नाही, कोणती कोणी बुजविली, हे त्यांनी वयोवृद्धांस विचारून वर्षानुवर्षे वहीत उतरवून ठेविले होते, कन्नडात. ती वही नातवाकडून संगणकावर टंकून घेऊन त्यांनी आमच्या हाती दिली. तिची दुसरी प्रत जगात नाही.

पहिल्या दिवशी सर्वांनी फोन काढले आणि पडद्यावर भुताटकी दिसली. अक्षरांच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेले रोमन 'ए' आणि चित्रविचित्र खुणा. आमची मराठी पाने तशीच, मास्तरांची कन्नड पानेही तशीच! कारण शोधण्यास आम्हांस एक रात्र लागली. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत मराठीचे एक अक्षरचिन्ह तीन बाइटांत साठविले जाते, कन्नडाचेही तीनच बाइटांत, आणि दोहोंचा पहिला बाइट एकच असतो. पाने पाठविताना 'हा मजकूर अमुक पद्धतीने वाच' असे चाकराने फोनला सांगावयाचे असते. प्रकारांची यादी आम्ही हौसेने आपल्या हाताने लिहिली होती आणि नेमके तेवढे शब्द गाळले होते. बिचाऱ्या फोनने प्रत्येक बाइट स्वतंत्र रोमन अक्षर समजून छापला. पहिला बाइट म्हणजे तो तिरप्या रेघेचा 'ए'. मास्तरांस हे समजावून दिले तेव्हा ते मनमुराद हसले. "म्हणजे यंत्राच्या लेखी आपल्या दोघांचे आडनाव एकच की हो!" असे म्हणाले. यादीत ते शब्द घातले आणि अक्षरे सरळ झाली. तपासणीच्या आज्ञेने आदल्या दिवशीही 'रचना ठीक' असेच म्हटले होते, हे येथे नमूद करून ठेवितो.

हसून निभावले तेवढ्यावर आम्ही थांबलो असतो तर बरे होते. पण आम्हांस चातुर्य सुचले. लाइटीस नव्या युक्त्या शिकविण्याचे एक मॉड्यूल आहे. 'लुआ' भाषेत चार ओळी लिहून द्याव्या, म्हणजे प्रत्येक मागणी आत येताच चाकर त्या वाचतो आणि तसे वागतो. लुआ म्हणजे पोर्तुगीज भाषेत चंद्र. ती भाषा १९९३ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठात जन्मली, ही गोष्ट आमच्या ह्या वाचकांस सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटल्यास क्षमा असावी. ह्या ओळी मात्र आखूड असाव्या लागतात. वाढपी एकच, त्यास एका पानापुढे गप्पांत गुंतविले तर सारी पंगत खोळंबते.

प्रत्येक फोन पान मागताना आपल्या धन्याची भाषा चाकराच्या कानात सांगत असतो. तेव्हा कन्नड सांगणाऱ्यास कन्नड दालन, मराठी सांगणाऱ्यास मराठी, आणि ज्याचे काहीच जुळत नाही त्यास मराठी, असे आम्ही सात ओळींत लिहिले. तपासणी केली. रचना ठीक!

महिना गेला. मास्तर येईनासे झाले. प्रथम आम्हांस वाटले, गुडघे दुखत असतील. मग त्यांच्या नातवाकडून कळले की विहिरींची वही कोणासही दिसत नाही. मुले फोन उघडतात तो मराठी पाने. मास्तर घरी म्हणाले होते, "त्यांना ठेवायची नव्हती तर तसे तोंडावर सांगायचे."

बाहेरच्यास हे रुसणे लहानसे वाटेल. आमच्याकडे ते लहान नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निजामाच्या काळापासूनचा बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले; नारायणखेड आणि जहिराबाद आंध्रात; बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसुरात. त्या दिवसापासून येथे पाटी कोणत्या भाषेत लागली, कोणाची भाषा वर आणि कोणाची खाली, हे माणसे न बोलता पाहत असतात. आम्ही मराठी माणसांनी आपली पाटी खाली गेल्याचे दुःख पुष्कळ सांगितले आहे. आमच्या पडवीत वरची पाटी आमची होती, आणि खालची पाटी तर नव्हतीच.

आम्ही नोंदवही उघडली. चाकर प्रत्येक मागणीची एक ओळ लिहितो. कोणी, केव्हा, काय मागितले. महिन्याभरात कन्नड दालनाची एकही ओळ नव्हती. मग नोंदीच्या रचनेत आणखी एक रकाना घातला आणि फोन कोणती भाषा सांगतो तेही उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो जवळजवळ प्रत्येक ओळीत भारतीय इंग्रजी! दुकानातून फोन आणला तेव्हा जी भाषा लावलेली होती तीच कायम होती. कन्नड बोलणाऱ्याचा फोन इंग्रजी, मराठी बोलणाऱ्याचाही इंग्रजी. काहीच जुळले नाही की मराठी, हे आम्हीच लिहून ठेविले होते. ती ओळ लिहिताना आमच्या मनात कोणाविषयी वाईट नव्हते. मनात कोणी आलेच नव्हते, हे अधिक खरे.

त्याच संध्याकाळी नोंदवहीतील ओळी कागदावर उतरवून आम्ही मास्तरांकडे गेलो. चहा आला, पण ते बोलेनात. आम्ही कागद पुढे केला आणि म्हणालो, "मास्तर, चूक यंत्राची नाही, आमची आहे. ही सातवी ओळ आम्ही लिहिली." त्यांनी चष्मा लावून कागद बराच वेळ पाहिला. मग विचारले, "फोनला का विचारता? माणसाला विचारता येत नव्हते?"

सात ओळी आम्ही पुसल्या. आता पहिल्या पानावर तीन दारे आहेत. कन्नड, मराठी, उर्दू, सारख्या मापाच्या अक्षरांत. जो जे दार उघडील ते त्याच्या फोनवर खूण म्हणून राहते, आणि पुढील खेपेस चाकर ती खूण पाहून थेट त्या दालनात नेतो. त्यापुरत्या लुआच्या तीन ओळी ठेविल्या आहेत. कन्नडचे दार पहिले असावे असे आम्ही सुचविले. मास्तर म्हणाले, वर्णानुक्रमाने लावा, म्हणजे कोणी कोणाचे उपकार मानावयास नको. वर्णानुक्रमात उर्दू पहिली येते. तशीच लाविली.

ह्याने एक नवीच अडचण उभी राहिली. पहिले दार उर्दूचे आणि त्या दालनात अद्याप एकच पान आहे, बसच्या वेळांचे. शेजारच्या शिंपीदादांनी ते पाहून मान हलविली. त्यांच्या वडिलांच्या हातची जुन्या अंगरख्यांच्या मापांची वही घरी आहे म्हणे. ती उजवीकडून डावीकडे चालणारी. तिची पाने मांडताना आमची पुन्हा काहीतरी चूक होणारच. मास्तरांनी नातवास टंकावयास बसविण्याचे कबूल केले आहे.