सल्ला न देणारी माणसे

आपल्याकडे एक वस्तू फुकट आणि भरपूर मिळते, ती म्हणजे सल्ला. डोके दुखते म्हणावे, तर चौघीजणी चार काढे सांगतात. माझे यजमान गेल्यावर तर सल्ल्यांचा नुसता पाऊस पडला. ‘दादरची जागा विका आणि लेकीकडे जाऊन राहा,’ असे निम्म्यांचे म्हणणे. ‘काही झाले तरी जागा सोडू नका,’ असे उरलेल्यांचे. दोन्ही बाजूंना माझ्याविषयी खरोखरच कळकळ होती, त्यामुळे रागावायचीही सोय नव्हती.

अशा मनःस्थितीत मी बर्मिंगहॅमला लेकीकडे गेले आणि तिच्या शेजारच्या बाईंमुळे क्वेकर लोकांशी माझी गाठ पडली. क्वेकर म्हटले की आपल्याला ओट्सचा डबा आठवतो. त्या डब्याचा या पंथाशी काडीचाही संबंध नाही. सचोटीबद्दल यांचे नाव होते, म्हणून 1877 साली एका गिरणीने ते आपल्या मालाला देऊन टाकले, इतकेच!

पंथ निघाला इंग्लंडात, सतराव्या शतकाच्या मध्यावर. प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे, मग मध्ये पाद्री कशाला, हा जॉर्ज फॉक्सचा सरळ हिशेब. वारकऱ्यांच्या मुलखातल्या माणसाला यात नवल वाटू नये. 1650 मध्ये त्याने एका न्यायाधीशाला ‘देवाच्या शब्दापुढे थरथर काप’ असे सुनावले. न्यायाधीशाने उलट यांनाच ‘थरथरणारे’ म्हणजे क्वेकर हे नाव ठेवले. ते स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणवतात. आज जगात ते चार लाखांच्या आसपास असतील. सर्वांत जास्त केनियात, आणि तिथे पाद्रीही असतात, गाणीही होतात. इंग्लंडातले मात्र गप्प बसतात.

गप्प म्हणजे अगदी गप्प. रविवारी बाई मला घेऊन गेल्या. साधी खोली, वर्तुळात खुर्च्या, मध्ये टेबलावर फुले. ना मूर्ती, ना क्रूस, ना घंटा. तासाभरात एकच गृहस्थ उठले, चार वाक्ये बोलले आणि बसले. पहिली दहा मिनिटे मला घरी कुकर बंद केला की नाही, याचीच काळजी. पुढे मात्र ती शांतता अंगावर शालीसारखी आली. शेवटी दोघांनी हस्तांदोलन केले, की संपले. मग चहा! चहाच्या वेळी कोण आजारी आहे, कुणाला दवाखान्यात गाडीने न्यायचे आहे, याची वाटणी होते. पांढरे केस नसलेली डोकी मात्र तिथे बोटांवर मोजण्याइतकीच होती.

यांच्या सभेत मतदान नसते, हे ऐकून मला आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवली आणि हसू आले. सर्वांचा कल कुठे आहे ते पाहून चिटणीस तिथल्या तिथे ठराव लिहून वाचतो. पटला नाही तर पुन्हा बसायचे. वेळ फार जातो. साध्या रंगकामाचा प्रश्नही महिनोन्‌महिने रेंगाळतो, असे बाईच म्हणाल्या. पण याच चिवट माणसांनी युद्धाला नकार देता देता युद्धात पोळलेल्यांना जेवू घातले. त्यासाठी 1947 चे शांततेचे नोबेल त्यांच्या ब्रिटिश आणि अमेरिकन सेवासंस्थांना मिळाले. आपल्या सेवाग्रामात नयी तालीमचे काम करणाऱ्या मार्जोरी साइक्स याच पंथाच्या.

मला खरे चकित केले ते निराळ्याच गोष्टीने. बाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. घर सोडून वृद्धाश्रमात जावे का, हा त्यांना पडलेला पेच. त्यांनी मंडळाला सांगितले आणि चौघेजण दोन संध्याकाळी त्यांच्याजवळ येऊन बसले. याला ते ‘क्लिअरनेस’ची बैठक म्हणतात. नियम एकच : सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे, आणि तेही आपले उत्तर आत दडवलेले नसावेत. मध्ये लागेल तेवढी शांतता. झालेले बोलणे त्या खोलीबाहेर जात नाही.

“मग काय ठरलं?” मी उतावीळपणे विचारले.

“जायचं ठरलं. पण ते त्यांनी नाही ठरवलं,” बाई म्हणाल्या.

त्या दिवशी मी माझी कहाणी त्यांना सांगितली. आता सल्ला येणार, म्हणून मी सवयीने सावरून बसले. त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुमच्या त्या घरात सकाळ कशी होते?”

मी सांगू लागले. दूधवाल्याची बेल, समोरच्या गॅलरीतला रेडिओ, यजमानांची रिकामी आरामखुर्ची, तिच्यावर वाळत टाकलेला टॉवेल. सांगता सांगता रडू कोसळले. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला, पाठीवर हात ठेवला. पण ‘रडू नका’ म्हणाल्या नाहीत. यजमान गेल्यापासून मला इतका वेळ कुणी ऐकले नव्हते.

परत आल्यावर सल्लागार मंडळी पुन्हा जमली. मी सर्वांना चहा दिला. जागेचे अजून ठरलेले नाही. लेक दर रविवारी फोन करते, पूर्वी “आई, काय ठरवलंस?” म्हणायची, हल्ली “आई, आज सकाळ कशी गेली?” असे विचारते. बाईंनी तिलाही काही सांगितले असावे. आरामखुर्ची मी गॅलरीत हलवली आहे आणि सकाळचा चहा तिच्यात बसून घेते.