पिवळ्या तापाची लस घेतली तेव्हा

नैरोबीला कामासाठी जायचं ठरलं आणि सगळ्यात आधी पिवळ्या तापाच्या लशीची चौकशी सुरू झाली. ती न घेता केनियातून परतलो, तर इथे उतरल्यावर सहा दिवस अलग राहावं लागतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, म्हणून नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबई गाठली.

"अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का?" सिस्टरनी विचारलं. ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणात वाढवतात. कुपीच्या तळाशी कोरडी भुकटी होती. तिच्यात पाणी सोडून त्यांनी कुपी हलकेच फिरवली, दंडात सुई टोचली आणि पिवळ्या पुस्तकात शिक्का मारला. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि 2016पासून ते आयुष्यभर चालतं.

घरी आल्यावर काही दिवसांतच कणकण आली, अंग मोडून आलं. मला पूर्वी डेंग्यू होऊन गेलेला. आमच्या इंदिरानगरात घरोघरी प्लेटलेटचे आकडे विचारले जायचे, तो पावसाळा आठवला आणि धसकाच घेतला. पुण्यात इम्युनॉलॉजी शिकणाऱ्या भाचीला फोन लावला.

"मामा, लशीतला विषाणू दुबळा केलेला असतो, पण जिवंत असतो. तो अंगात थोडा वाढतो, म्हणून तर टी-पेशी कामाला लागतात. पॅरासिटामॉल घे आणि झोप."

अँटीबॉडी विषाणूला पेशीबाहेर अडवतात. तो आत शिरला की ती पेशी हुडकून मारतात टी-पेशी. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठातल्या रमा अकोंडी, रफी अहमद आणि सहकाऱ्यांचा 2017चा प्रयोग भाचीने सांगितला. हीच लस घेतलेल्यांना त्यांनी जड पाणी प्यायला दिलं. विभागणाऱ्या पेशींच्या नव्या डीएनएत त्यातल्या ड्युटेरियमची खूण राहते. पहिल्या दोन आठवड्यांत भराभर वाढलेल्या टी-पेशींमधूनच पुढे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या स्मृतिपेशी उरल्या होत्या, आणि त्या वर्षातून एकदाही क्वचितच विभागत होत्या. मी थक्क झालो. तापाची भीती तिथेच गेली.

पिवळा ताप भारतात आजवर पसरलेला नाही. पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्या कूलरमध्ये आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत वाढतोच आहे. 2006 साली मालेगावात चिकनगुनियाचे दोन हजारांवर रुग्ण निघाले, तो आजार आणि डेंग्यूही हाच डास पसरवतो. मग डेंग्यूला अशी लस का नाही?

डेंग्यूची पहिली लस, डेंगव्हॅक्सिया, पिवळ्या तापाच्या लशीच्याच विषाणूवर डेंग्यूचं बाहेरचं आवरण चढवून केली होती. टी-पेशी ज्या आतल्या प्रथिनांवर प्रामुख्याने नेम धरतात, ती डेंग्यूची नव्हतीच. फिलिपाइन्समध्ये आठ लाखांवर मुलांना ती टोचली गेली आणि 2017मध्ये कंपनीनेच सांगितलं, की आधी डेंग्यू न झालेल्यांना तिच्यामुळे गंभीर आजाराचा धोका वाढतो. दोष एकट्या टी-पेशींच्या उणिवेचा नाही, अँटीबॉडींचाही त्यात वाटा मानतात. तरीही हा धडा फार महाग पडला.

आपल्याकडे पॅनेशिया बायोटेकच्या डेंग्यू लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट 2024मध्ये रोहतकला सुरू झाली. या लशीत आतली प्रथिनंही डेंग्यूचीच आहेत. निकाल जाहीर करताना अँटीबॉडींच्या आकड्यांवर थांबू नका, टी-पेशींचं मोजमापही लोकांपुढे ठेवा, अशी दर पावसाळ्यात घरचं माणूस तापाने फणफणलेलं पाहणाऱ्या एका नाशिककराची मागणी आहे.