झोका अजून सोडला नाही

जळगाव, वैशाख

चि. सौ. बाई हिस,


आखाजीच्या सणाला लेक माहेरी आली नाही, असं आपल्या घरात यंदा पहिल्यांदाच झालं. कारण काय, तर चार वर्षांच्या पोराची शिकवणी! शाळेतल्या बाई म्हणाल्या, "ओळीत लिहीत नाही, नुसता खेळतो." फोनवर मी गप्प बसले. बोलले असते तर वाद झाला असता, म्हणून हे पत्र.

दिवाळीत तो इथे होता, तेव्हा त्याच्यापुढे मूठभर चिंचोके टाकले होते. आजोबांना एक, मला एक, मांजरीला एक, असे वाटत सुटला. स्वतःला उरला नाही, तेव्हा डब्यातून एक काढून आणला. बाई, गणित याहून वेगळं काय असतं? कळण्याचं पीठ मळायला माझ्याशेजारी बसायचा. पेन्सिल धरायला बोटांत जो जोर लागतो, तो असाच येतो. या वयात मनगटाची हाडंसुद्धा पुरती तयार झालेली नसतात. त्या हाताकडून पानंच्या पानं गिरवून घ्यायची घाई कशाला?

हे माझ्या पदरचं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. साधनं कोणती? शिंपले, बिया, पानं, खडे. अनुताई वाघांनी ते काम पुढे कोसबादला आयुष्यभर केलं. आज गल्लोगल्ली दिसणाऱ्या अंगणवाडीचं मूळ तिथलं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही लहान वयात खेळातूनच शिकवा, असं लिहिलंय.

पहिलीत तो मागे पडेल, ही तुझी भीती मला कळते. पण खेळू दे म्हणजे मोबाइल देऊन मोकळी हो, असं नव्हे. खेळायला सोबत लागते, गोष्ट सांगावी लागते, पसारा सोसावा लागतो. शिकवणीची फी भरणं त्यापेक्षा सोपं आहे.

धुळ्याहून जळगाव काही लांब नाही. कडुनिंबाला बांधलेला आखाजीचा झोका मी अजून सोडलेला नाही. शिकवणी बंद कर आणि त्याला घेऊन ये.

तुझी,
आई